मदत हवी आहे : फँटसी गोल्फची लाइनअप जमत नाहीये, उद्या सकाळी लॉक

चंद्रकोर
उद्या सकाळी लॉक आहे (मग टीम बदलता येत नाही) आणि माझ्याकडे अजून एकही धड लाइनअप नाही. शेफलर हा सगळ्यांत महागडा खेळाडू घेतला की ठरलेल्या बजेटमध्ये खालच्या जागांना कुणीच परवडत नाही. नाही घेतला तर तोच जिंकतो आणि आठवडा वाया. सगळे मधल्या किमतीचे घेतले तर ना धड बुडतो ना वर जातो. पटिंगचे (भोकाजवळच्या हलक्या फटक्यांचे) आकडे बघतो, फॉर्म बघतो, अजून काय बघायचं? नियमित खेळणाऱ्यांनी सहा नावं कशी निवडता ते सांगा. आणि कृपया "खेळाचा आनंद घ्या" नको, खरंच वेळ कमी आहे.

टोपीवाला
स्पर्धा कुठली? साइट कुठली? कॉन्टेस्ट कसला, डबल-अप (पैसे दुप्पट करणारा) की मोठ्या बक्षिसाचा? एक लाइनअप टाकता की वीस? एवढं कळल्याशिवाय उत्तर देता येणार नाही.

गणिती
साइट कुठलीही असो, पहिली पायरी कट. पीजीए टूरच्या नेहमीच्या स्पर्धेत दोन फेऱ्यांनंतर पहिले ६५ आणि त्यांच्या बरोबरीचे राहतात, बाकीचे घरी. तुमच्या प्रत्येक खेळाडूची कट पार करण्याची शक्यता ६५ टक्के धरा. सहाच्या सहा टिकण्याची शक्यता उरते साडेसात टक्के. तीच ७५ टक्केवाले सहा घेतले तर जवळपास १८ टक्के. फरक बघा केवढा पडतो. म्हणून शेफलर सोडा आणि आठ-साडेआठ हजारांचे सहा भक्कम गडी घ्या. शनिवारी सहाही जण मैदानात असणं यापेक्षा महत्त्वाचं काही नाही.

टोपीवाला
@गणिती, कट सगळीकडे सारखा नसतो हो. मास्टर्सला पहिले ५०, यूएस ओपनला ६०, ब्रिटिश ओपनला ७०. काही स्पर्धांना तर कटच नाही. आधी त्यांना स्पर्धा सांगू द्या.

हिरवळ
पटिंगचा त्रास मलाही होता. पकड फार घट्ट असते बहुतेकांची. दोन्ही अंगठे शाफ्टवर सरळ खाली, मनगटं स्थिर, आणि डोकं चेंडू निघून गेल्यावरच वर करायचं. तीन फुटांवरून रोज सराव करा. चार-सहा आठवड्यांत फरक दिसेल.

चंद्रकोर
@हिरवळ, धन्यवाद, पण मी स्वतः खेळत नाही. प्रश्न फँटसीचा आहे.
@टोपीवाला, कुठली म्हणजे? मास्टर्स रविवारी संपली, म्हणजे हेरिटेजच ना! ड्राफ्टकिंग्ज, क्लासिक, सहा खेळाडू, ५० हजारांची कॅप, म्हणजे सहांची मिळून किंमत त्याच्या आत. आता तरी सांगा.

टोपीवाला
मग गणितींचं कटचं गणित या आठवड्यापुरतं बाजूला ठेवा. हेरिटेज ही सिग्नेचर, म्हणजे निवडक खेळाडूंची स्पर्धा आहे. सत्तर-ऐंशी जणांचं फील्ड, आणि कट नाही. सगळे चारही दिवस खेळणार.

याने तुमचा मूळ प्रश्न बराच सुटतो. कट असतो तेव्हा सहा हजारांचा खेळाडू शुक्रवारी घरी गेला की त्याची जागा दोन दिवस रिकामी राहते, म्हणून स्वस्त खेळाडू धोक्याचा. इथे तो शेवटून पाचवा आला तरी ७२ होल्स खेळणार आणि बर्डीचे (ठरलेल्यापेक्षा एक फटका कमी घेतल्याचे) गुण मिळवत राहणार. म्हणजे शेफलर घेऊन खाली स्वस्त भरणं हे कटवाल्या आठवड्यापेक्षा इथे जास्त परवडतं. त्याला समजा १४ हजार मोजले, तर उरलेल्या पाचांना ३६ हजार, सरासरी ७२००. एवढ्या लहान आणि तगड्या फील्डमध्ये ७२०० लाही नामांकित खेळाडू मिळतो.

गणिती
असहमत. कट नाही म्हणजे खालचा प्रत्येक जण टिकणार, पण तो तुमच्यासाठीही आणि बाकी सगळ्यांसाठीही. फायदा कुणाचाच नाही. शेवटी अंतिम क्रमांकाचे गुण निर्णायक ठरतात. पहिल्याला ३०, दुसऱ्याला २०, दहाव्याला ७, आणि एक्केचाळिसाव्याला फक्त १. तुमचे तीन स्वस्त गडी पन्नासाव्या क्रमांकाच्याही खाली संपले तर त्या खात्यात शून्य.

टोपीवाला
आणि जो ३० मिळवण्याची शक्यता सर्वांत जास्त, तोच तुम्ही सोडायला सांगताय.

आकडेमोड
दोघांच्या मध्ये पडतो. क्रमांकाचे गुण महत्त्वाचे आहेतच, पण ड्राफ्टकिंग्जवर खरी मजा बर्डीत आहे. बर्डीला ३, पारला (ठरलेल्या फटक्यांत होल) अर्धा, बोगीला (एक फटका जास्त) फक्त उणे अर्धा. एक खेळाडू अठराही होल पार करतो. ९ गुण, बोगीविरहित फेरीचे ३, एकूण १२. दुसरा ५ बर्डी, ५ बोगी, ८ पार करतो. १५ वजा अडीच अधिक ४, म्हणजे साडेसोळा. दोघांचा स्कोअर तोच, गुण वेगळे. लागोपाठ तीन बर्डी पडल्या तर वर आणखी ३. तेव्हा कट नसलेल्या आठवड्यात "सांभाळून खेळणारा" ही पात्रता नाही. बर्डी काढणारा हवा, मग तो मधूनमधून झाडीत गेला तरी चालेल.

आणि @चंद्रकोर, पटिंगच्या आकड्यांवर निवड करणं आजच थांबवा. कोलंबिया विद्यापीठाच्या मार्क ब्रॉडी यांनी स्ट्रोक्स गेन्ड ही पद्धत मांडली, त्यात प्रत्येक फटक्याचा हिशोब वेगळा होतो: टीवरून (होलचा पहिला फटका), अप्रोच (ग्रीनकडे, म्हणजे भोकाभोवतीच्या हिरवळीकडे मारलेला), ग्रीनच्या आसपास, पटिंग. यातलं पटिंग आठवड्यागणिक सर्वांत जास्त हेलकावतं. गेल्या आठवड्यात ज्याचे वीस फुटी पट पडले त्याचे या आठवड्यात पडतीलच असं नाही, पण त्याची किंमत मात्र वाढलेली असते. अप्रोच त्यामानाने टिकाऊ. गेल्या दोन-तीन महिन्यांत अप्रोच चांगला आणि पटर थंड, असा खेळाडू शोधा. तो स्वस्तही असतो आणि लोकांनी घेतलेलाही नसतो.

जुनाजाणता
आकडे ठीक आहेत, पण हेरिटेज होते तो हार्बर टाउन हा आकड्यांचा कोर्स नाही. पीट डाय आणि जॅक निक्लॉस यांनी बांधलेला, १९६९ चा. टूरवरच्या सर्वांत लहान ग्रीन्सपैकी इथल्या ग्रीन्स. फेअरवेवर (कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) ओक आणि पाइनच्या फांद्या आलेल्या. फेअरवेत असूनही चुकीच्या बाजूला असलात तर ग्रीनकडे जायला वाट नसते. नुसता लांब मारणारा इथे अडकतो. म्हणून ज्यांना हा कोर्स माहीत आहे तेच घ्यायचे. डेव्हिस लव्ह तिसरा इथे पाच वेळा जिंकला, ते काय योगायोगाने? मॅट फिट्झपॅट्रिक लहानपणी घरच्यांबरोबर हिल्टन हेडला, म्हणजे हा कोर्स आहे तिथेच, सुट्टीला यायचा, आणि २०२३ ला इथेच जिंकला. मी कोर्स हिस्टरीशिवाय एकही नाव लिहीत नाही.

आकडेमोड
लहान ग्रीन्स म्हणजे अप्रोचच महत्त्वाचा, तुम्ही माझंच म्हणणं मांडलंत. पण कोर्स हिस्टरी म्हणजे किती फेऱ्या हो? वर्षातून एकदा चार. पाच वर्षं धरली तरी वीस. त्यातल्या एका आठवड्यात पटर तापला असेल तर सगळी "हिस्टरी" तिथून येते. शिवाय २०२० ची हेरिटेज एप्रिलऐवजी जूनमध्ये झाली होती, वेब सिम्प्सन पारपेक्षा २२ फटके कमी घेऊन जिंकला. ते आकडे एप्रिलच्या वाऱ्याला कसे लावणार?

जुनाजाणता
वीस फेऱ्या कमी म्हणता, आणि दोन महिन्यांच्या अप्रोचवर विश्वास ठेवता. कोर्सशी सूर जुळणं ही गोष्ट कुठल्याच रकान्यात येत नाही. मी वर्षानुवर्षं ही स्पर्धा बघतोय.

कोकणकडा
यात ड्रीम इलेव्हनसारखा कॅप्टन असतो का, दुप्पट गुणांचा? आणि भारतातून खेळता येईल का?

टोपीवाला
@कोकणकडा, क्लासिकमध्ये कॅप्टन नाही, सहाही जागा सारख्या. भारतात ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद झाले आहेत, तेव्हा तो विषय नाही. अमेरिकेतही सगळीकडे नाही, वॉशिंग्टन राज्यात चालत नाही. @चंद्रकोर, तुम्ही कुठल्या राज्यात?

चंद्रकोर
न्यू जर्सी, इथे चालतं. पण विषय भरकटतोय. मास्टर्स खेळून थकलेले खेळाडू टाळायचे का, हे कुणी सांगेल? शेफलरबद्दल मला तीच शंका आहे.

सदसद्विवेक
माझं ऐकाल तर यात पडूच नका. पैसे लावले म्हणजे जुगारच, नाव काहीही द्या. तेच पैसे इंडेक्स फंडात टाका.

आकडेमोड
थकव्याचं: २०२४ ला शेफलर मास्टर्स जिंकला आणि पुढच्याच आठवड्यात हेरिटेजही जिंकला, तेही पावसामुळे सोमवारपर्यंत खेळून. १९८५ ला बर्नहार्ड लँगरनेही दोन्ही लागोपाठ जिंकल्या होत्या. थकव्याच्या नावाखाली लोक शेफलरला सोडत असतील तर तुमचा फायदाच. मात्र आलाय की नाही ते जरूर बघा. २०२५ ला मॅकलरॉय मास्टर्स जिंकून हेरिटेजला आलाच नव्हता.

गणिती
आणि ऑगस्टा (मास्टर्सचा कोर्स) आणि हार्बर टाउन यांत साम्य काय? काही नाही. मास्टर्सचा फॉर्म मोजूच नका.

टोपीवाला
माझ्या एका प्रश्नाचं उत्तर अजून आलेलं नाही. कॉन्टेस्ट कसला? किती लाइनअप?

चंद्रकोर
मोठा असतो तोच, वर लाखभर डॉलर बक्षीस. मी एकच टाकतो. त्याने काय फरक पडतो?

टोपीवाला
त्यानेच सगळा फरक पडतो. त्या मोठ्या कॉन्टेस्टात लोक दीडशे लाइनअप टाकतात. तुमची एक त्यांच्या दीडशेपुढे. तिथे "बरी" लाइनअप काही कामाची नाही, पहिल्या मूठभरांत आलं तरच पैसे दिसतात. तुम्ही म्हणता बॅलन्स्ड टीम ना बुडते ना वर जाते. ती टीम डबल-अपमध्ये टाकली असती तर बऱ्याचदा पैसे सुटले असते, कारण तिथे निम्म्याहून थोडे कमी लोक जिंकतात आणि पहिल्याला नि शेवटच्या विजेत्याला सारखंच मिळतं.

म्हणून असं करा. बॅलन्स्ड आवडत असेल तर ती डबल-अपला. मोठ्या बक्षिसाचाच खेळायचा तर सिंगल एन्ट्रीवाला निवडा, म्हणजे समोरच्याचीही एकच. आणि त्यात शेफलर घ्या, तो सगळ्यांकडे असला तरी. वेगळेपणा खालच्या तीन नावांत आणा. इथे आकडेमोड यांचा थंड पटरवाला कामी येतो.

आकडेमोड
+१. आणि एक भर. फील्ड लहान असलं की शेफलर आणि दोन लाडके स्वस्त गडी असलेल्या हुबेहूब लाइनअप ढिगाने निघतात. जिंकलात तरी बक्षीस वाटलं जातं. ५० हजार शेवटच्या डॉलरपर्यंत खर्च करायचा आग्रह सोडा. पाच-सातशे शिल्लक ठेवलेत की तुमचं कॉम्बिनेशन बऱ्यापैकी एकटं पडतं.

जुनाजाणता
निदान एक तरी नाव असं घ्या ज्याने हा कोर्स जिंकलाय. २०२५ ला जस्टिन थॉमसने पहिल्याच दिवशी ६१ मारून कोर्स रेकॉर्डची बरोबरी केली आणि शेवटी प्लेऑफमध्ये जिंकला. अशा माणसाला इथे कुठे चेंडू टाकायचा ते कळतं.

चंद्रकोर
सिंगल एन्ट्रीत टाकतोय. शेफलर, वरच्या किमतीचा अजून एक, मग अप्रोच बघून तीन, आणि जुनाजाणता यांच्या आग्रहाखातर थॉमस बसला तर थॉमस. सहाशे शिल्लक राहतायत. एकच शंका, हवामान? सकाळचे आणि दुपारचे टी टाइम बघून निवडायचे ना?

टोपीवाला
ते दीडशे जणांच्या फील्डला, विशेषतः ब्रिटिश ओपनला. तिथे अर्धे सकाळी, अर्धे दुपारी, आणि वारा एकाच गटाला झोडपतो. इथे फील्ड लहान, असे ठळक दोन गट पडत नाहीत. त्यापेक्षा सकाळी लॉकच्या अर्धा तास आधी उठून माघारीच्या बातम्या बघा. एखाद्याची पाठ धरलेली असते आणि रात्रीतून नाव गळतं. बदली म्हणून त्याच किमतीच्या आसपासचं एक नाव आत्ताच लिहून ठेवा.