सोलापूर : वरच्या मजल्यावर रात्रीही स्लॅबची धग, आधी खर्च कशावर करावा?

नमस्कार मंडळी,

उन्हाळा तोंडावर आलाय, म्हणून जरा घाईने विचारतोय. आम्ही पूर्व भागात राहतो. घर सगळ्यात वरच्या मजल्यावर, डोक्यावर थेट स्लॅब, गच्चीवर सावली नाही. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशी ओलांडतो, त्याची सवय आहे. खरा त्रास रात्रीचा. अकरा वाजता बाहेर बरं वाटतं, आत मात्र पलंगावर पडलं की वरून भाजल्यासारखं होतं. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि संध्याकाळनंतर ते खोलीत सोडतो.

माणसाला किती गरम-गार वाटतं याचा हिशोब डेन्मार्कचे संशोधक ओले फँगर यांनी १९७० साली मांडला, त्यात सहा गोष्टी धरल्यात : हवेचं तापमान, भोवतालच्या पृष्ठभागांची धग, वारा, दमटपणा, अंगावरचे कपडे आणि माणूस करत असलेलं काम. भिंतीवरचा तापमापक बहुतेक हवेचंच तापमान सांगतो, छताची धग त्यात पुरती उतरत नाही. म्हणून आकडा बरा दिसतो, पण झोप येत नाही.

काळजी अण्णांची आहे. त्यांचा जन्म यंत्रमागावर गेला, त्यामुळे ‘मला काही होत नाही’ म्हणतात. पण उतारवयात घाम कमी येतो, तहानही कळत नाही. हवा पस्तीसच्या वर गेली की पंखा अंगावर गरम वाराच टाकतो, गारवा येतो तो घाम वाळण्यातून. तोच कमी असेल तर नुसत्या पंख्यावर भिस्त कशी ठेवायची?

कूलर आहे. कोरड्या हवेत खिडकी उघडी ठेवून छान चालतो, पण पाणी फार पितो आणि आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही. आजोबांच्या माळवदाच्या, म्हणजे जाड मातीच्या छताच्या घरात हा प्रश्नच नव्हता, पण या स्लॅबवर मातीचा तेवढा भार टाकायची माझी तयारी नाही.

एसी घेण्याआधी छताचंच काहीतरी करावं असं माझं मत आहे. गच्चीवर चुना, पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांचं चायना मोझॅक किंवा हिरवी जाळी, यांपैकी सोलापुरात कुणी काय केलंय? चुना पहिल्या पावसानंतर किती टिकला? जाळी रात्रीही ताणलेली ठेवली तर स्लॅब निवायला उशीर होतो का? आतून पीओपी सीलिंग केलेल्यांनी रात्रीचा फरक जरूर सांगा.