बल्क लोडर घ्यायचाय: मखमलीचा की गेटचा? (नाशिक)

नमस्कार मंडळी,

मी पंचवटीत राहते. पेन्टॅक्स के१००० वर कृष्णधवल फोटो काढते आणि रोल घरीच धुते. २०२७ चा सिंहस्थ फिल्मवरच टिपायचा असं मनात आहे. इकडे रामकुंडावर वैष्णव आखाडे, तिकडे त्र्यंबकला कुशावर्तावर शैव, दोन्हीकडे जायचं म्हणजे रोल भरपूर लागणार. शिवाय घाटावरचा सराव आतापासूनच सुरू आहे. सुटे ३६ चे रोल घेत बसले तर पैशापायी काम अर्ध्यावर सोडावं लागेल, आणि ते मला अजिबात नकोय. म्हणून १०० फुटी फिल्म घेऊन बल्क लोडरने, म्हणजे ती लांब फिल्म उजेडातही कॅसेटमध्ये भरता येईल अशा बंद डब्याने, कॅसेट घरी भरायच्या हे पक्कं केलंय.

हिशोब करून पाहिला. एक फ्रेम फिल्मच्या कडेच्या ८ भोकांची, म्हणजे ३८ मिमी. ३६ फ्रेम, पुढची जीभ आणि मागची शेपटी धरून साधारण १.६५ मीटर. १०० फूट म्हणजे ३०.५ मीटर, त्यात १८ रोल आरामात निघतात. एचपी५ प्लस आणि फोमापॅन ४०० या दोन्ही कृष्णधवल फिल्म १०० फुटी मिळतात, तेव्हा फिल्मचं अडत नाही. अडलंय ते लोडरवर.

वाचून जे समजलं ते असं. आल्डेन ७४ किंवा लॉइड्स जातीच्या लोडरमध्ये फिल्म मखमलीच्या फटीतून बाहेर येते. प्रकाश अडवायचं काम ती मखमल करते, आपल्याला काही उघडायचं-मिटायचं नाही. आल्डेनला फ्रेम मोजायची तबकडीही आहे. पण फिल्म अख्खी त्या मखमलीला घासत येते. एक कण अडकला की सगळ्या रोलवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ ओरखडा! वॉटसनमध्ये मखमल नाही, फिरणारं गेट आहे. गेट उघडलं की फिल्म कशालाही न टेकता कॅसेटमध्ये जाते. मात्र कॅसेटकडचं झाकण काढण्याआधी गेट मिटायचं राहिलं, तर आतल्या फिल्मला उजेड लागला म्हणून समजा.

आमचं घर रस्त्याला लागून आहे, उन्हाळ्यात दिवसातून दोनदा पुसलं तरी धूळ असतेच. म्हणून मन वॉटसनकडे झुकतंय. पण गर्दीच्या दिवसांत, पर्वणीच्या आदल्या रात्री थकून कॅसेट भरताना तो गेटचा क्रम चुकला तर? ही भीती जात नाही.

एक सांगावंसं वाटतं. दादासाहेब फाळक्यांनी विलायतेहून आणलेल्या कच्च्या फिल्मला भोकंसुद्धा नसायची. ती दादरच्या घरी अंधारात पाडायची, आणि त्या कामात सरस्वतीबाई होत्या. दादासाहेब आमच्या त्र्यंबकचे, म्हणून हे लहानपणापासून ऐकत आलेय. लोडर पुढ्यात घेऊन बसायची हिंमत मला तिथूनच मिळते.

तर ज्यांनी दोन्ही वापरलेत त्यांनी कृपया सांगावं. जुना लोडर घेताना काय तपासायचं, तेही.

प्रतिसाद:

ताई, मी वृत्तपत्रात छायाचित्रकार होतो, नाशिकरोडला असतो. आमच्याकडे रोज कॅसेट भरल्या जायच्या. वॉटसन घ्या. गेटची सवय आठवड्यात हाताला लागते, मखमलीतली धूळ मात्र कधीच पूर्ण जात नाही. चिकटपट्टीने टिपून काढायची, तरी धाकधूक राहतेच.

दुसरं कारण आपल्या नाशिकच्या थंडीचं. डिसेंबर-जानेवारीत हवा इतकी कोरडी असते की फिल्म भराभर फिरवली तर घर्षणाने ठिणगी पडते आणि निगेटिव्हवर विजेच्या फांद्यांसारख्या खुणा उमटतात. मखमल असली की घर्षण आणखी वाढतं. लोडर कुठलाही असो, हँडल सावकाश फिरवा. कॅमेऱ्यात रोल परत गुंडाळतानाही तेच.

शेपटी स्पूलला, म्हणजे कॅसेटच्या आतल्या दांडीला, चिकटवताना तिला उजेड लागतोच. ती शेपटी म्हणजे रोलच्या शेवटच्या दोन-तीन फ्रेम. ३६ भरल्या तरी ३३ ला थांबा. मिरवणुकीत नेमका तिथेच हवा तो क्षण येतो, म्हणून हे आधीच ठरवून ठेवा. चिकटपट्टी दोन्ही बाजूंनी लावा, नाहीतर शेवटी ओढ बसून फिल्म स्पूलवरून सुटते आणि मग कॅमेरा अंधारातच उघडावा लागतो. लोभाने ४० भरू नका, डेव्हलपिंगच्या रिळावर मावत नाही.

काउंटरवर फार विसंबू नका. वाया गेलेला एक ३६ चा रोल उजेडातच लोडरमधून कॅसेटमध्ये गुंडाळा आणि हँडलचे फेरे मोजा. स्पूल जाड होत जातो तशी दर फेऱ्याला जास्त फिल्म ओढली जाते, म्हणून नुसत्या भागाकाराने आकडा बरोबर येत नाही.

जुना घेताना गेट शेवटपर्यंत फिरतं का, झाकणाला तडा नाही ना, एवढं तिथेच बघा. घरी आल्यावर फिल्मचा तुकडा आत ठेवून लोडर तासभर उन्हात ठेवा, मग तो तुकडा धुवून पाहा. काळा पडला तर लोडर परत करा.

प्रतिसाद:

कॅसेटचंही बघा. फिरकीच्या झाकणाच्या प्लॅस्टिक कॅसेट पुन्हापुन्हा वापरता येतात. लॅबवाल्याकडून रिकाम्या कॅसेट मागितल्या तर शेपटीचा तुकडा बाहेर ठेवून मागा, त्यालाच नवी फिल्म जोडता येते. के१००० ला आयएसओ हाताने लावायचा असतो, त्यामुळे डीएक्स कोडची (कॅमेऱ्याला आयएसओ आपोआप कळावा म्हणून कॅसेटवर असलेल्या खुणांची) काळजी तुम्हाला नाही. आणि पावसाळ्यात फिल्म फ्रिजमधून काढली की डबा लगेच उघडू नका, आत दव धरतं.

धागाकर्ती:

काका, मनापासून आभार. थंडीचा मुद्दा मला कुठेच वाचायला मिळाला नव्हता. आता वॉटसनच. क्रम एका कागदावर लिहून लोडरलाच चिकटवून ठेवणार आहे: गेट मिटा, मग झाकण. शनिवारी मुंबईला बोराबाजारात जातेय, गेट फिरवून बघायला एक वाया गेलेला रोलही बरोबर नेते. त्याआधी नाशिकमध्येच कुणाकडे वॉटसन पडून असेल तर इथे कळवा, येऊन बघेन.