न्यूयॉर्कला गेल्यावर हॅम्बर्गर कुठे खाल्ला? (अनुभव धागा)

कामानिमित्त, शिक्षणासाठी किंवा न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या मुलांकडे राहायला म्हणून न्यूयॉर्कला जाणाऱ्या मराठी माणसांची संख्या मोठी आहे. तरीही बहुतेकांचा बर्गरचा अनुभव टाइम्स स्क्वेअरजवळच्या एखाद्या साखळी दुकानापुरताच राहतो आणि 'आपल्याकडे मिळतो तसाच आहे' असा शेरा मारून मंडळी पिझ्झ्याकडे वळतात. माझे मत असे, की या शहरात बर्गर निवडताना आत काय काय घातले आहे याची यादी वाचण्यापेक्षा पॅटी कशी भाजतात हे आधी विचारावे: सपाट तव्यावर, की जाळावर. चवीतला मोठा फरक तिथेच पडतो. ज्यांनी निरनिराळ्या ठिकाणी जाऊन पाहिले आहे त्यांनी या अंगाने लिहावे, ही विनंती. बीफ खावे की खाऊ नये हा वाद मात्र येथे नको. न खाणाऱ्यांचे अनुभवही तितकेच हवे आहेत.

सुरुवात मीच करतो. थर्ड ॲव्हेन्यू आणि ७४व्या रस्त्याच्या कोपऱ्यावरचे 'जे. जी. मेलन' १९७२ सालापासून चालू आहे. मुळात हा बार. भिंतीभर कलिंगडाची चित्रे, टेबलांवर हिरव्या चौकडीचे कापड. येथील पॅटी सपाट तव्यावर भाजतात, त्यामुळे तिच्या दोन्ही बाजूंना सलग, खमंग, तपकिरी कड येते आणि आतून ती गुलाबी व रसदार राहते. बन साधा, पांढरा, भाजलेला. बाजूला लोणच्यातल्या काकडीच्या चकत्या आणि लाल कांदा, बस्स. येथे अनेक वर्षे केवळ रोख पैसेच स्वीकारत असत, म्हणून अशा जुन्या ठिकाणी जाताना खिशात थोडे डॉलर असू द्यावेत. सोबत बटाट्याच्या गोल, जाडसर काचऱ्या मागवाव्यात. त्यांना तेथे 'कॉटेज फ्राइज' म्हणतात.

त्याच ॲव्हेन्यूवर खाली ५५व्या रस्त्याला १८८४ सालचे 'पी. जे. क्लार्क्स' आहे. लाल विटांची ही बुटकी इमारत तिच्या भोवतीने उभ्या राहिलेल्या सत्तेचाळीस मजली मनोऱ्याच्या कुशीत अजूनही टिकून आहे, आणि तेवढ्यासाठीही तेथे जायला हरकत नाही. बर्गर चांगला आहे. मात्र माझे झुकते माप मेलनलाच.

एडिसन, न्यू जर्सी

धागाकर्त्यांनी तव्याची बाजू मांडली आहे, म्हणून जाळाची बाजू मी मांडतो. ग्रीनिच व्हिलेजमध्ये जेन स्ट्रीट आणि वेस्ट फोर्थ स्ट्रीट मिळतात तेथे 'कॉर्नर बिस्ट्रो' नावाचा जुना, अंधारा बार आहे. तेथे पॅटी वरून आच देणाऱ्या भट्टीत भाजतात. चरबी खाली गळून जाते आणि मांसाला तव्यावरच्यासारखी सलग कड न येता ते बाहेरून किंचित कोरडे, आतून मऊ होते. 'बिस्ट्रो बर्गर' सुमारे पाव किलो वजनाचा असून त्यात बेकन असते, तेव्हा डुकराचे मांस न खाणाऱ्यांनी ऑर्डर देतानाच तसे सांगावे. बर्गर कागदी बशीत येतो. पहिल्या घासालाच रस बनच्या खालच्या भागात मुरतो आणि अर्ध्यावर येईपर्यंत तो भाग हातात विरघळू लागतो. त्यामुळे गप्पा नंतर माराव्यात, आधी खाऊन घ्यावे.

पुणे (मुक्काम जर्सी सिटी)

आमच्याबरोबर सासूबाई होत्या. त्या शाकाहारी आहेत आणि अंडेही खात नाहीत, त्यामुळे माझा अनुभव वेगळ्या वाटेचा आहे. एका ठिकाणी, ज्याचे नाव मी घेणार नाही, 'व्हेज बर्गर आहे' असे सांगून वाढपी निघून गेला, आणि चौकशी केल्यावर कळले की ती टिक्की मांसाच्याच तव्यावर, त्याच कलथ्याने परतली जाते. सासूबाईंनी शांतपणे लिंबूपाणी घेतले आणि आम्हीही उठलो. तेव्हापासून आम्ही दोन प्रश्न ठरवून विचारतो: तवा किंवा तेल वेगळे आहे का, आणि बन 'ब्रिओश' आहे का, कारण ब्रिओशमध्ये अंडी असतात.

ज्यांना ही चौकशी नको असेल त्यांनी ईस्ट व्हिलेजमधील 'सुपीरिऑरिटी बर्गर' गाठावे. संपूर्ण स्वयंपाकघरच शाकाहारी असल्यामुळे मांसाच्या तव्याचा प्रश्न येत नाही. अंड्याचे तेवढे विचारून घ्यावे. ब्रुक्स हेडली हे एका नामांकित इटालियन उपाहारगृहात मिष्टान्ने करणारे शेफ होते. त्यांनी २०१५ साली अगदी चिमुकल्या जागेत हे सुरू केले, आणि २०२३ साली ते ॲव्हेन्यू ए वर, पूर्वी 'ओडेसा' नावाचे उपाहारगृह होते त्या प्रशस्त जागेत हलले. टिक्की किन्वा आणि काबुली चण्यांची असते. ती मांसाची नक्कल करण्याच्या भानगडीत पडत नाही, आणि मला तेच आवडले. आकाराने बर्गर लहान आहे. भूक असेल तर सोबत भाज्यांचा एखादा पदार्थ मागवावाच लागतो, आणि तेथील भाज्या बर्गरपेक्षाही सरस असतात, असे माझे प्रामाणिक मत आहे.

'शेक शॅक'मधील मशरूमचा बर्गरही सासूबाईंना दाखवला होता. मोठ्या पोर्टोबेलो अळंबीत चीज भरून ती तळतात. ते चीज आतून उकळते असते, पहिला घास सावकाश घ्यावा. त्यांनी मात्र हात लावला नाही. अळंबी त्यांना शाकाहारात बसत नाही. या साखळीचा उगम मॅडिसन स्क्वेअर पार्कमधल्या २००१ सालच्या एका हॉट डॉगच्या गाडीत आहे. कायमचे दुकान त्याच बागेत २००४ साली झाले, आणि हवा चांगली असेल तर इतर शाखा सोडून तेथेच झाडांखाली बसावे.

नाशिक

मला सर्वांत जास्त आवडलेला बर्गर सोहोमधील 'हॅम्बर्गर अमेरिका'तला. जॉर्ज मोट्झ यांनी अमेरिकेच्या निरनिराळ्या राज्यांतील बर्गरचा कित्येक वर्षे अभ्यास केल्यानंतर २०२३ साली हे दुकान काढले. फिरत्या स्टुलांवर, काउंटरला बसून समोरचा तवा पाहता येतो, आणि पाहण्यासारखे खरोखरच आहे. ओक्लाहोमा पद्धतीचा कांदा-बर्गर करताना खिम्याचा गोळा तापलेल्या तव्यावर ठेवतात, त्यावर कागदासारख्या पातळ चिरलेल्या कांद्याची मूठभर रास घालतात आणि रुंद कलथ्याने सगळे जोर लावून दाबतात, अगदी थालीपीठ थापावे तसे. उलटल्यावर कांदा खाली जातो, मांसाच्या चरबीत शिजतो, कडेला करपतो; वर चीज आणि बन ठेवून त्या वाफेतच बन मऊ करतात. ही पद्धत १९२०च्या दशकात ओक्लाहोमातील एल रिनो या गावाच्या परिसरात रुजली. महागडे मांस पुरवून वापरण्यासाठी स्वस्त कांद्याची भर, असा तिचा साधा हिशेब होता. गरिबीच्या हिशेबातून निघालेली ही चव मला तरी महागड्या बर्गरपेक्षा उजवी वाटली.

ठाणे

महागड्याचा विषय निघालाच आहे म्हणून थोडक्यात. 'मिनेटा टॅव्हर्न' या उपाहारगृहाचा 'ब्लॅक लेबल बर्गर' २००९ साली आला तेव्हा त्याची किंमत २६ डॉलर होती आणि तिचीच चर्चा अधिक झाली होती; आज ती त्याहून पुष्कळ जास्त आहे. तो थंड, कोरड्या हवेत बरेच दिवस टांगून मुरवलेल्या ('ड्राय-एज्ड') मांसाचा असतो, आणि अशा मांसाला एक उग्र, जुन्या चीजसारखा वास असतो. वर केवळ मंद आचेवर परतलेला गोड कांदा. ज्यांना तो वास आवडत नाही त्यांनी पैसे वाचवावेत. आमच्यात दोघे खूश होते, दोघे गप्प.

क्वीन्स

उलट्या टोकाला 'व्हाइट कॅसल' ही स्वस्त बर्गरची साखळी. १९२१ साली कॅन्ससमधील विचिटा येथे पाच सेंटला एक या भावाने सुरू झालेले हे छोटे चौकोनी बर्गर कांद्याच्या थरावर, वाफेवर शिजतात. पॅटीला पाच भोके असतात म्हणून उलटावेही लागत नाहीत. चवीची फार अपेक्षा ठेवू नये. रात्री उशिरा, चार-पाच जणांत एक खोका घेऊन खाण्याची ही वस्तू आहे.

कोल्हापूर

ब्रुकलिनमधील 'पीटर लूगर' या १८८७ सालच्या स्टेकगृहात बर्गर केवळ दुपारी, पावणेचारपर्यंतच मिळतो. स्टेक (भाजण्यासाठी कापलेला मांसाचा जाड, अखंड तुकडा) कापताना उरलेल्या उत्तम मांसाचा तो केलेला असतो, आणि स्टेकच्या मानाने किंमत माफक. अर्धा शेकडा वर्षे मटण खाल्लेल्या माझ्या वडिलांनाही तो पसंत पडला, यावरून काय ते समजावे.

बॉस्टन (अन्नतंत्रज्ञानाची विद्यार्थिनी)

वर 'आतून गुलाबी' असा उल्लेख आहे, म्हणून थोडी भर घालते. अखंड मांसाच्या तुकड्यावर जिवाणू मुख्यतः पृष्ठभागावर असतात आणि ते भाजताना मरतात. खिमा करताना मात्र ते आतपर्यंत मिसळले जातात. म्हणूनच अमेरिकेच्या कृषी खात्याची शिफारस अशी आहे, की बर्गरचे आतले तापमान १६० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ७१ अंश सेल्सिअस व्हावे. गर्भवती स्त्रिया, लहान मुले आणि वृद्ध यांच्यासाठी 'वेल डन' (आतपर्यंत पूर्ण शिजवलेले) असेच सांगावे. अशा वेळी जाड पॅटी कोरडी पडते, त्यामुळे त्यांना नाशिककरांनी वर्णन केलेली पातळ, दाबलेली पॅटी द्यावी. ती पूर्ण शिजूनही चवदार राहते.

धागाकर्ता

बिलाविषयी दोघांनी विचारले आहे. मेन्यूवरील किमतीत कर धरलेला नसतो. न्यूयॉर्क शहरात तो ८.८७५ टक्के आहे, आणि टेबलावर वाढले जाते तेथे १८ ते २० टक्के टिप अपेक्षित असते. म्हणजे वीस डॉलरचा बर्गर जवळपास सव्वीस डॉलरला पडतो. काउंटरवरून स्वतः घेतल्यास टिपेचा तितका दंडक नाही, पैसे भरण्याच्या यंत्राच्या पडद्यावर टिपेचे कितीही आकडे दिसोत. एका दिवशी दोन ठिकाणे पाहायची असतील तर पहिल्या ठिकाणी दोघांत एकच बर्गर मागवून तो मधोमध कापून द्यायला सांगावे. त्याला कोणी नाक मुरडत नाही.