अनुभव धागा : बोनी एम. तुमच्याकडे कसं पोचलं?

डिस्को म्हटलं की लोक आधी अमेरिका काढतात, पण आमच्या पिढीच्या टेपवर जो डिस्को वाजला तो जर्मनीत बनलेला होता. फ्रँक फॅरियन नावाच्या निर्मात्याने एकट्यानेच स्टुडिओत आवाजावर आवाज चढवून एक गाणं केलं, एका टीव्ही मालिकेतल्या डिटेक्टिव्हच्या नावावरून त्यावर ग्रुपचं नाव म्हणून बोनी एम. टाकलं, आणि गाणं चालायला लागल्यावर मग टीव्हीवर नाचायला माणसं शोधली. लिझ मिचेल आणि मार्सिया बॅरेट मूळच्या जमैकाच्या, मेझी विल्यम्स माँटसेराटची, बॉबी फॅरेल अरुबाचा. तुमची आठवण लिहा, लांबलं तरी चालेल.

*

आमच्या वसईत बोनी एम. शिवाय नाताळ होत नाही. मध्यरात्रीची मिस्सा आटपून घरी आलो की पपा पहिलं काम काय करणार तर 'मेरीज बॉय चाइल्ड' लावणार, आणि शेजारच्या वाडीतही तेच चालू असायचं, फक्त चार ओळी पुढे. ते 1978 च्या नाताळात इंग्लंडमध्ये एक नंबरला होतं. पण मला जास्त जवळचं 'रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन', कारण ते स्तोत्र 137 आहे, आम्ही चर्चमध्ये मराठीत वाचतो तेच, देशोधडीला लागलेले लोक नदीकाठी बसून रडतायत आणि त्यांना पकडून नेणारे सांगतायत की गाणं म्हणून दाखवा. मूळ गाणं जमैकाच्या मेलोडियन्सचं, 1970 चं, त्यात रास्ताफारी पंथाचे शब्द होते ते फॅरियनच्या रेकॉर्डमध्ये बदलले. तरी लिझ मिचेल गाते तेव्हा वाटतं की ही बाई हे लहानपणापासून ओळखते. नाचाचं गाणं असून मला त्यात प्रार्थना ऐकू येते.

*

मी सांगलीकडे ऑर्केस्ट्रात बेस वाजवायचो, लग्नं, गणपती, सगळं. इंग्लिश गाणं एकच घ्यायचं असेल तर आमचा ठरलेला आयटम 'डॅडी कूल'. त्याची रचना सांगतो, चारही मात्रांवर किक म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम, मधल्या रिकाम्या जागेत हाय-हॅट म्हणजे झांजांची जोडी, बेसची छोटीशी ओळ पुन्हा पुन्हा, आणि ती डोक्यात बसली की वरून व्हायोलिनचा ताफा येतो. शब्द जवळजवळ नाहीतच त्यामुळे इंग्लिश न येणारा माणूसही दुसऱ्या फेरीला कोरसमध्ये असतो. सुरुवातीला जो टक टक आवाज येतो ना, तो फॅरियनने दातांवर पेन्सिल आपटून काढलाय! आमच्या ड्रमरने तो आवाज काठी ड्रमच्या कडेवर मारून बसवला होता आणि तेवढ्यावरच मंडपात शिट्ट्या पडायच्या. लोक म्हणतात सोपं संगीत आहे, अहो इतकं कमी वाजवून माणसं उठवणं सोपं नाही, करून बघा.

*

मी फ्रँकफर्टजवळ राहते. इथे ऑफिसच्या पार्टीत साठीच्या पुढचे सहकारी 'मा बेकर' लागलं की खुर्ची सोडतात. त्यांच्याकडून ऐकलं की 1976 मध्ये रेडिओ ब्रेमेनच्या 'म्युझिकलाडेन' कार्यक्रमात हे चौघं आले आणि तिथून सगळं सुरू झालं. बॉबीचा म्हणून आपण जो जाडा आवाज ऐकतो तो रेकॉर्डवर फॅरियनचा आहे, मेझीही रेकॉर्डवर गात नव्हती. याच फॅरियनने पुढे मिली व्हॅनिली ही जोडी उभी केली, रेकॉर्डवर ते दोघं गातच नव्हते म्हणून 1990 मध्ये त्यांचं ग्रॅमी परत घेतलं गेलं. मला हे खटकतंच, गाणाऱ्याचं नाव गाणाऱ्यालाच मिळायला हवं. पण म्हणून बॉबीला खोटा म्हणायला मी तयार नाही, त्या नाचाशिवाय हा ग्रुप कोणाच्या लक्षात राहिला असता? आणि लिझ, मार्सिया तर खरंच गायल्या आहेत, लिझचा आवाज काढून बघा, मागे काही उरत नाही.

*

रशियात मेडिकलला होतो. तिथले प्राध्यापकसुद्धा बोनी एम. म्हटलं की खुलायचे, कारण डिसेंबर 1978 मध्ये हे लोक मॉस्कोत येऊन गायले होते, त्या काळात पश्चिमेचा ग्रुप तिथे येणं म्हणजे केवढी गोष्ट. रशियाच्या झारच्या दरबारातल्या साधूवरचं त्यांचं गाणं 'रास्पुतिन' मात्र तिथे गायलं गेलं नाही. आणि बॉबी फॅरेल गेला तो 30 डिसेंबर 2010 ला, सेंट पीटर्सबर्गमध्ये, जिथे 1916 च्या डिसेंबरमध्ये रास्पुतिनला मारलं त्याच शहरात. हे वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

*

माझ्या मुलीला 'रास्पुतिन' 2021 च्या रिमिक्समुळे माहीत, रील्सवर बघून सगळ्या स्टेप पाठ. तिला मी मूळ रेकॉर्ड ऐकवली. मधे बातम्या दिल्यासारखा बोलणारा माणूस आहे तो तेव्हा जर्मनीत असलेला अमेरिकन सैनिक होता हे सांगितल्यावर तिने तो तुकडा परत परत लावला. नवीन ऐकणाऱ्यांना एकच सांगेन, सुटं गाणं लावू नका, 'नाइटफ्लाइट टू व्हीनस' अल्बम पहिल्यापासून लावा. पहिल्या गाण्याचे ड्रम न थांबता सरळ 'रास्पुतिन'मध्ये शिरतात, ती जागा सुट्या गाण्यात कापली जाते. आणि आवाज जरा मोठा ठेवा.