लाखाचं पॅनेल की पन्नास रुपयांचा पेन? बेळगावजवळच्या खानापूर भागातल्या मराठी शाळेसाठी मत द्या

तारजोड्या
आमच्या गावच्या मराठी शाळेला टच पॅनेल (बोटानं चालवायचा फळ्याएवढा पडदा) द्यायचं माजी विद्यार्थ्यांत घाटतंय. किंमत लाखाच्या पुढं. मी आडवा पडलोय. शाळेत प्रोजेक्टर धूळ खात आहे, भिंत आहे, लॅपटॉप मी माझा जुना देतो. राहिला पेन आणि कॅमेरा, ते जोडले की भिंतच पॅनेलसारखी चालते.

युक्ती माझी नव्हे. जॉनी चुंग ली या संगणक संशोधकानं २००७ मध्ये निन्टेंडो वी या खेळाच्या रिमोटवर ती करून दाखवली. त्या रिमोटच्या तोंडाशी इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा उजेड, टिपणारा कॅमेरा असतो. पेनाच्या टोकाला टीव्हीच्या रिमोटात असतो तसला एलईडी. पेन भिंतीला टेकवून बटण दाबलं की कॅमेऱ्याला ठिपका दिसतो, माउस तिथं जातो. सुरुवातीला चार कोपरे टेकवून द्यायचे, बाकीचा हिशेब सॉफ्टवेअर करतं.

इकडं तो रिमोट कुठला मिळायला! मी जुना वेबकॅम उघडला, आतली इन्फ्रारेड अडवणारी बारीक काच काढली आणि पुढं लग्नाच्या फोटोंच्या निगेटिव्हचं काळंकुट्ट टोक कापून चिकटवलं. साधा उजेड अडतो, इन्फ्रारेड पार होतो. पेनाला एलईडी, बटण, एक सेल. पन्नास रुपयेसुद्धा लागले नाहीत. पॅनेल कशाला पाहिजे, सांगा.

खडू-डस्टर
ओ साहेब, मी अशाच शाळेत शिकवतो. तुम्ही जोडून देणार आणि रविवारी संध्याकाळच्या बसनं पुण्याला जाणार. इथं तास चाळीस मिनिटांचा. पोरं टेबलाला धक्का देणार की चार कोपरे परत. फळ्यापुढं सातवीतलं थोराड पोरगं उभं राहिलं की त्याची पाठ कॅमेऱ्याच्या आड. उद्या माझी बदली झाली तर पुढच्या बाईंनी निगेटिव्ह शोधत फिरायचं काय? पॅनेल बिघडलं तर निदान कंपनीचा माणूस येतो.

शेवटचा बाक
येतो? कधी आलेला बघितला नाही. माझ्या पुतण्याच्या शाळेतल्या पॅनेलवर वर्षभर कापड आहे, त्यावर झेंड्याची दोरी ठेवतात.
पाठीचा प्रश्न खरा आहे. कॅमेरा समोर नको, बाजूला, उंच वाशाला बांधा.

खडू-डस्टर
आणि डावखुरं पोर आलं की वासा बदलायचा!

निपाणीकर
तुम्ही पेनावर भांडताय, दाखवणार काय? आपली पुस्तकं मराठीत असली तरी अभ्यासक्रम कर्नाटकाचा. महाराष्ट्राचे व्हिडिओ लावले तर धडाच वेगळा निघतो. पोरांनी एसएसएलसी, म्हणजे कर्नाटकाची दहावी, द्यायची आहे. म्हणून माझं मत दोन्हीच्या विरोधात. त्या पैशांत प्रयोगाचं सामान घ्या.

तारजोड्या
निपाणीकर, म्हणूनच तर पेन. तयार व्हिडिओ लागतच नाही. मागच्या शनिवारी कोरा नकाशा भिंतीवर टाकला आणि मलप्रभा पोरांना काढायला लावली. कणकुंबीला ठिपका दिला, पुढं एकेकानं रेघ ओढायची. एकानं नदी सरळ गोव्यात उतरवली. सगळे ओरडले, "अरे, घाट हाय तिथं!" पुसून, वळवून पोरांनीच ती कुडलसंगमाला कृष्णेत नेली. नंतर निम्म्या पोरांना पेन उघडून बघायचा होता. एलईडीचा उजेड डोळ्यांना दिसत नाही, मोबाईलच्या कॅमेऱ्यातून जांभळट दिसतो. ते बघायला माझ्या फोनवर ही झुंबड! पॅनेल कुणी उघडू देईल?

आता माझी फजितीपण सांगतो. साडेअकराला बाण आपोआप डाव्या कोपऱ्यात पळायला लागला. सेल बदलला, कोपरे परत टेकवले, काही उपयोग नाही. शेवटी एक पोरगी म्हणाली, "सर, ऊन आलंय." छपराला उजेडासाठी एक काचेचं कौल आहे. त्यातून कवडसा भिंतीवर आलेला. उन्हात इन्फ्रारेड भरपूर, कॅमेऱ्याला तोच पेन वाटला.

शेवटचा बाक
कौलावर पोतं टाका की.

तारजोड्या
टाकलं. तर वर्गात काळोख, पोरांना वही दिसेना. आता प्रोजेक्टरचा तास दुपारी, कवडसा सरकल्यावर.

खडू-डस्टर
म्हणजे ऊन बघून वेळापत्रक! छान.

तारजोड्या
पावसाळ्यात ती अडचण नाही, सर. जून ते सप्टेंबर ऊन असतंय कुठं खानापुरात?

खडू-डस्टर
जून ते सप्टेंबर लाईट तरी असतीय कुठं?