मदत हवी आहे : नानांना कॅन्सरच्या ट्रायलमध्ये घेतील का?

चोपडा_कापूस
नानांचा गालाचा कॅन्सर परत आलाय. इथले डॉक्टर म्हणतात आता ऑपरेशन होणार नाही. इम्युनोथेरपी (शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडणारं औषध) आहे पण तुम्हाला खर्च झेपणार नाही, मुंबईत एखादी ट्रायल, म्हणजे नव्या उपचाराची पेशंटवर चाचणी, चालू असेल तर बघा. एवढंच बोलले आणि पुढचा पेशंट बोलावला. कुठली ट्रायल, नाव कुठे लावायचं, काहीच सांगितलं नाही. एका ठिकाणी फोन केला तर "पेशंटला घेऊन या" म्हणाले. घेऊन जायचं म्हणजे दोन माणसं, गाडी, राहणं, जेवण. आणि तिथे गेल्यावर नाही म्हणाले तर? ज्याला माहीत असेल त्याने लवकर सांगा.

सिस्टर_धुळे
वय काय? आधी काय काय झालंय? शेवटची किमो कधी? स्वतः चालतात का? जेवण तोंडाने की नळीने?

चोपडा_कापूस
वय ६१. सगळं झालंय. माझा प्रश्न ट्रायलचा आहे.

सिस्टर_धुळे
सगळं म्हणजे काय ते सांगा ना भाऊ. घेतील की नाही ते त्यावरच ठरतं.

तापीकाठ
ट्रायलच्या नादी लागू नका. औषध कंपन्यांना गरीब माणूस प्रयोगाला लागतो. माझ्या मामेभावाने एका वैद्यांचा काढा सुरू केला, आज चार वर्षं झाली, शेतात जातो.

सिस्टर_धुळे
त्यांना कुठला कॅन्सर होता, ऑपरेशन आधी झालं होतं का, हे न सांगता काढा सुचवू नका. इथे एक माणूस खरोखर आजारी आहे. ट्रायलच्या २०१९ च्या नियमांप्रमाणे एथिक्स कमिटीची (पेशंटचं हित पाहणारी समिती) परवानगी लागते, संमतीपत्र पेशंटला कळेल अशा भाषेत द्यावं लागतं, ट्रायलमुळे अपाय झाला तर उपचार मोफत आणि भरपाईही. मधूनच बाहेर पडलात तरी पुढचा नेहमीचा उपचार अडवता येत नाही.

तापीकाठ
नियम कागदावर असतात ताई. अडाणी माणूस अंगठा देतो आणि मोकळा होतो. मी पाहिलंय.

सिस्टर_धुळे
म्हणून तर सोबत वाचणारा माणूस हवा. त्यासाठी ट्रायलच नको म्हणणं चूक आहे.

पिंपळनेर_वाट
भाऊ, घाबरू नको. मनी मायले बी हाऊच रोग व्हता. मुंबईच्या एका हॉस्पिटलात ट्रायलमध्ये घेतलं होतं. औषध फुकट, तपासण्याही बऱ्याचशा फुकट. दर तीन आठवड्यांनी जावं लागायचं. तीनदा गेलो. चौथ्या वेळी कापूस वेचणीला आलेला, वडील अंथरुणात, माझी नोकरी रोजंदारीची. गेलो नाही. पाचव्या वेळी गेलो तर नियमात बसत नाही म्हणाले. औषधाने सूज उतरली होती तिची. पैसा औषधाला लागला नाही, जाण्यायेण्यात संपला. हे मी आजपर्यंत कुणाला लिहून सांगितलं नव्हतं.

रावेर_केळी
रेशनकार्ड आहे का? महात्मा फुले योजनेत बसवा. आणि धर्मादाय दवाखान्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के सवलतीत ठेवाव्याच लागतात, सार्वजनिक विश्वस्त कायद्याचं कलम ४१ कक. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा.

चोपडा_कापूस
योजना वापरूनच ऑपरेशन झालं होतं. मी ट्रायल विचारतोय.

जळगाव_लॅब
कागदं पाहिल्याशिवाय फार बोलणार नाही, पण एक गोष्ट महत्त्वाची. डॉक्टरांनी "झेपणार नाही" म्हटलं ते कुठल्या डोसचं? इम्युनोथेरपीत निव्होलुमॅब नावाचं औषध असतं, नेहमीचा डोस दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये तोंड-घशाच्या, ऑपरेशनपलीकडे गेलेल्या १५१ पेशंटवर ट्रायल झाली. सगळ्यांना तोंडाने घ्यायच्या गोळ्या, अर्ध्यांना त्यासोबत दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम निव्होलुमॅब. एक वर्षानंतर जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. बरा होतो असं नाही, पण वेळ मिळतो. आपलंच औषध एक दशांशाहून कमी पुरतं, हे शोधायला औषध कंपनी कशाला पैसे लावेल? असं संशोधन सार्वजनिक आणि दानाच्या पैशावर चालणाऱ्या संस्थांनाच करावं लागतं. टाटा मेमोरियल १९४१ साली सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या पैशातूनच उभं राहिलं. तेव्हा आधी इथल्याच डॉक्टरांना विचारा, "कमी डोस चालेल का?" चालत असेल तर मुंबई कदाचित टळेल. ही ट्रायल केव्हाच संपली, पण तिचा निकाल चोपड्यातही वापरता येतो.

चोपडा_कापूस
हे डॉक्टरांनी सांगितलंच नाही!

तापीकाठ
पाहिलंत? सगळं लपवतात.

जळगाव_लॅब
लपवलं असंच नाही, गर्दीत राहिलं असेल. जाऊन विचारा.

अमळनेर_गिरणी
गाडीचं मी सांगतो. कॅन्सर पेशंटला उपचारासाठी जाताना स्लीपर आणि थ्री एसीत पूर्ण माफी, सोबतच्या एकाला ७५ टक्के. दवाखान्याचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो. चोपड्याहून अमळनेर जवळ, पण तिथून गाडी सुरतवरून फिरते. जळगावहून दादर सरळ.

रावेर_केळी
जळगावहून रात्री बसलं तर सकाळी पोहोचतो, पण जनरलमध्ये नेऊ नका. राहायला दादरला संत गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, आधी चौकशी करा.

पिंपळनेर_वाट
आमच्या गावात भंडाऱ्याला वर्गणी दोन दिवसांत निघते. तीच वर्गणी महिन्याला एका पेशंटच्या भाड्याला निघाली असती तर माझी माय चौथ्या वेळी गेली असती.

रावेर_केळी
भंडाऱ्यात गरीबही जेवतो भाऊ. एकाचं काढून दुसऱ्याला कशाला? दोन्ही करता येतं.

पिंपळनेर_वाट
बंद करा म्हणत नाही. आमच्याकडे दुसरं कुणी करत नाही, एवढंच दुखतं. हॉस्पिटलला दान देणारे औषधाला देतात, मशीनला देतात. एसटीच्या तिकिटाला कुणी देत नाही.

सिस्टर_धुळे
चोपडा भाऊ, ट्रायलही शोधून ठेवा. सीटीआरआय नावाची सरकारी नोंदणी आहे, २००९ पासून प्रत्येक ट्रायलची तिथे आधी नोंद करावी लागते. आजाराचं नाव टाकून भरती चालू आहे का, कुठल्या हॉस्पिटलात, कुणाला फोन करायचा, ते दिसतं. फोनवर चार गोष्टी विचारा : पेशंट बसतो का, कुठले कागद, चिठ्ठी टाकून नवं औषध न मिळणाऱ्या गटात गेला तर काय मिळेल, प्रवासखर्च देता का. ट्रायलमध्ये नाव लावायला कुणी पैसे मागितले तर फोन ठेवा. आणि आता तरी "सगळं" लिहा.

चोपडा_कापूस
लिहितो. सव्वा वर्षापूर्वी ऑपरेशन, मग रेडिएशनचे तीस शेक, सोबत आठवड्याला किमो. शेवटची किमो सहा महिन्यांपूर्वी. चालतात, ओट्यावर येऊन बसतात, पातळ जेवण तोंडाने. किडनीचा रिपोर्ट बरा आहे म्हणे. कमी डोसचं उद्या सकाळी विचारतो. बायोप्सीचे ब्लॉक (गाठीचा तुकडा ठेवलेले मेणाचे ठोकळे) द्यायला लॅबवाले दोन दिवस म्हणतात.

सिस्टर_धुळे
ही चांगली माहिती आहे, हीच फोनवर वाचून दाखवा. ब्लॉक आणि स्लाइड दोन्ही घ्या, त्यावरचा नंबर रिपोर्टवरच्या नंबरशी तिथेच जुळवा. सीटी स्कॅनची सीडीही मागा, नुसता कागद नको.