मदत हवी आहे : कोल्ट्रेनच्या ‘आफ्रिका/ब्रास’मधली पितळी वाद्यं
नमस्कार मंडळी. जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनचा ‘आफ्रिका/ब्रास’ (१९६१) हा अल्बम सध्या रोज ऐकतोय. इम्पल्स या रेकॉर्ड कंपनीसाठी त्याने केलेला हा पहिलाच अल्बम, न्यू जर्सीतल्या ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालेला. नेहमीच्या साथीदारांच्या मागे ट्रम्पेट, फ्रेंच हॉर्न, युफोनियम (ट्युबासारखंच, पण लहान), ट्युबा असा मोठा ताफा आहे आणि वाद्यमेळाच्या रचनेत सॅक्सोफोनवादक एरिक डॉल्फीचा मोठा हात.

‘आफ्रिका’ हा सोळा मिनिटांचा तुकडा तर अंगावर येतो. दोन डबल बास आहेत, त्यामुळे खाली तंबोऱ्यासारखा आधार सतत जाणवतो. अडतंय ते मधल्या पट्टीत. फ्रेंच हॉर्न कुठे संपतो आणि युफोनियम कुठे सुरू होतो, हे मला कानाने वेगळं करता येत नाही. बँडमध्ये ही वाद्यं वाजवणारं कुणी इथे असेल तर नेमकं काय ऐकायचं ते सांगाल का? शक्यतो मिनिट-सेकंदासकट.

आणखी एक. याच सत्रांतलं उरलेलं संगीत १९७४ मध्ये या अल्बमच्या दुसऱ्या भागात आलं, त्यात ‘आफ्रिका’ची वेगळी आवृत्ती आहे. वाद्यांची मांडणी समजून घ्यायला आधी कुठली ऐकावी? माझा कल मूळ अल्बमकडेच आहे, पण दोन्ही बारकाईने ऐकलेल्यांचं मत हवंय.